ऑस्ट्रेलियाचा ॲबोरिजिनल आणि वसाहतकालीन इतिहास: संशोधकाचं काम नेमकं कसं चालतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: इतिहासात एम.ए. झालंय, वसाहतकाळाची आवड आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल लोकांचा (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा) आणि वसाहतीचा इतिहास हाच विषय धरून करिअर करता येईल का? कागदपत्रं कुठे असतात, काम कसं चालतं, आणि भारतातून गेलेल्याला त्यात जागा आहे का?

करता येतं. पण या विषयाची एक खोड आधीच माहीत असलेली बरी. तुमचं वाक्य इथे दोन प्रकारची माणसं बारकाईने वाचतात. एक म्हणजे समोरच्या पक्षाचा वकील किंवा राजकीय विरोधक. तो तळटीप उघडून मूळ कागदाशी ताडून बघतो. दुसरे म्हणजे ज्यांच्या पणजीबद्दल तुम्ही लिहिलंय ते कुटुंब. पहिल्याला पुरावा लागतो. दुसऱ्यांना पुरावा तर लागतोच, शिवाय तुम्ही त्यांना विचारलं होतं का, हेही ते बघतात. या दोघांपुढे टिकेल असं टिपण काढायची सवय पहिल्या दोन वर्षांत लागली, तर पुढचं सगळं जमतं. नाही लागली, तर दहा वर्षांनंतरही एक चुकीची टीप अख्ख्या पुस्तकावर पाणी फिरवते.

विषय विद्यापीठांत उशिरा आला. 1968 साली डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर या मानववंशशास्त्रज्ञाने रेडिओवरच्या व्याख्यानांत इतिहासकारांचे कान उपटले. देशाच्या इतिहासग्रंथांत ॲबोरिजिनल माणूस जवळजवळ दिसतच नाही आणि हा काही विसरभोळेपणा नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. 1977 मध्ये कॅनबेराहून या विषयाला वाहिलेलं 'ॲबोरिजिनल हिस्टरी' हे नियतकालिक सुरू झालं. त्याचे अंक आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात आणि सुरुवात तिथूनच करावी. 3 जून 1992 ला माबो खटल्याचा निकाल लागला, 1993 मध्ये नेटिव्ह टायटलचा (मूळ रहिवाशांच्या जमिनीवरच्या पारंपरिक हक्काचा) कायदा आला, आणि दप्तरखान्यात बसणाऱ्या इतिहासकाराला अचानक कोर्टात मागणी आली. 1997 मध्ये ॲबोरिजिनल मुलं कुटुंबांपासून हिरावून नेण्यावरचा राष्ट्रीय चौकशी अहवाल आला.

मग 2002 मध्ये भडका उडाला. लेखक कीथ विंडशटल यांनी टास्मानियातल्या गोऱ्या-ॲबोरिजिनल संघर्षावर आधी झालेल्या लेखनाच्या तळटिपा एकेक करून मूळ कागदांशी ताडल्या. काही ठिकाणी टीप आणि मजकूर जुळत नव्हते. त्यावरून 'हत्याकांडांचा बराचसा इतिहास रचलेला आहे' असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो बहुतेक इतिहासकारांनी फेटाळला. 2003 मध्ये सविस्तर उत्तरं आली आणि विंडशटल यांच्या स्वतःच्या पुराव्यातल्या खिंडारांवर बोटं ठेवली गेली. पण वर्तमानपत्रांतून ही लढाई वर्षानुवर्षं पेटती राहिली ती तळटिपांच्याच जोरावर. माझ्या मते त्या वादाने या क्षेत्राचं नुकसान जेवढं केलं तेवढीच शिस्तही लावली. आज चांगला मार्गदर्शक प्रबंधाचं प्रकरण वाचताना दहा-बारा टिपा मध्येच उचलतो आणि मूळ कागद दाखवायला सांगतो.

आता कागद कुठे असतात ते. वसाहत चालायची लंडनहून, त्यामुळे गव्हर्नरांचे खलिते तिथे गेले. आज ते लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. न्यू साउथ वेल्ससाठी मालिका सीओ 201 (सीओ म्हणजे कलोनियल ऑफिस, लंडनचं वसाहत खातं), टास्मानियासाठी सीओ 280, पश्चिम ऑस्ट्रेलियासाठी सीओ 18, दक्षिण ऑस्ट्रेलियासाठी सीओ 13, व्हिक्टोरियासाठी सीओ 309, क्वीन्सलँडसाठी सीओ 234. लंडनला जायची गरज नाही. 1948 पासून काही दशकं ऑस्ट्रेलियाने या दप्तरांची मायक्रोफिल्म करून घेतली. दहा हजारांहून जास्त रिळं झाली आणि ती आता ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवली आहेत. पुण्यात बसून ती वाचता येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे खलिते छापूनही निघाले, पण छापताना अनेक सोबतपत्रं गाळली गेली. न्यायाधीशाचा जबाब, जमीन आयुक्ताचा अहवाल, मिशनऱ्याची तक्रार हा खरा माल त्या सोबतपत्रांत असतो. म्हणून छापील खंड फक्त वाट दाखवण्यापुरता वापरायचा आणि उद्धृत करायचं ते मूळ. खलित्याच्या पाठीवर आणि कडेला लंडनच्या अधिकाऱ्यांचे शेरे असतात. ते वाचायला डोळे फुटतात, पण धोरण कुठे वळलं ते तिथेच कळतं.

ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याचं दप्तर वेगळं. सिडनीच्या पश्चिमेला किंग्जवुड, मेलबर्नमध्ये नॉर्थ मेलबर्न, ब्रिस्बेनमध्ये रनकॉर्न. खाजगी कागदांसाठी सिडनीचं मिचेल ग्रंथालय. टास्मानियात ॲबोरिजिनल लोकांशी मध्यस्थी करणाऱ्या आणि नंतर पोर्ट फिलिपमध्ये (आजच्या व्हिक्टोरियात) त्यांचा 'प्रोटेक्टर' म्हणून नेमलेल्या जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सनच्या रोजनिश्या तिथेच आहेत. व्हिक्टोरियात नवखा माणूस हमखास अडखळतो, कारण तिथल्या संरक्षण मंडळाचं (ॲबोरिजिनल लोकांचा कारभार बघणाऱ्या सरकारी मंडळाचं) दप्तर दुभंगलेलं आहे. काही राज्याच्या अभिलेखागारात, काही राष्ट्रीय अभिलेखागारात. 1967 च्या सार्वमतानंतर ॲबोरिजिनल कारभार हळूहळू केंद्राकडे गेला आणि कागदही अर्धे तिकडे गेले. एकाच माणसाचा अर्ज एका इमारतीत आणि त्यावरचं उत्तर दुसऱ्या, असं सर्रास घडतं. दोन्ही याद्या समोर ठेवूनच मागणी करायची.

शिवाय सगळं दप्तर खुलं नाही. न्यू साउथ वेल्सचं संरक्षण मंडळ (1883 ते 1940) आणि त्यानंतरचं कल्याण मंडळ (1969 पर्यंत) यांची इतिवृत्तं, आणि मुलं ताब्यात घेतल्याच्या 1916 ते 1928 च्या नोंदवह्या बघायला राज्याच्या ॲबोरिजिनल खात्याची परवानगी लागते. राष्ट्रीय अभिलेखागारात न तपासलेली फाइल मागितली, तर ती खुली करायची की नाही ते ठरवायला कायद्याने 90 कामकाजाचे दिवस दिलेले आहेत. म्हणजे चार महिन्यांहून जास्त गेलेच. पीएच.डी.च्या पहिल्या आठवड्यात पहिलं काम हे अर्ज टाकायचं. आधी वाचन पूर्ण करू, मग अर्ज करू, असं म्हणणाऱ्याचं दुसरं वर्ष वाट बघण्यात जातं.

वर्तमानपत्रांसाठी 2009 पासून ट्रोव्ह हे राष्ट्रीय ग्रंथालयाचं ऑनलाइन भांडार आहे, फुकट आहे आणि अफाट आहे. त्याचा सापळाही तेवढाच मोठा. यंत्राने वाचलेला मजकूर चुकीचा असतो, रकान्याच्या काठाला तुटलेले शब्द शोधात सापडत नाहीत. आजचे शब्द टाकून काहीच मिळत नाही. 'आउटरेज', 'डिप्रेडेशन', 'कोलिजन', 'डिस्पर्स' (पांगवणे) असे त्या काळचे शब्द टाकावे लागतात. यातला शेवटचा शब्द क्वीन्सलँडच्या कागदांत गोळीबाराला वापरलेलं सभ्य पांघरूण असतो. गावांची आणि गुरांच्या ठाण्यांची नावंही बदललेली असतात, म्हणून त्या वर्षाचा नकाशा शेजारी हवा. आणि एकच बातमी पाच पत्रांनी एकमेकांवरून उचललेली असते. तो एक पुरावा, पाच नव्हेत. ही चूक इतकी होते की परीक्षक आधी तेच बघतात.

एक कागद जवळून बघू. न्यू साउथ वेल्समध्ये 1820च्या दशकाच्या अखेरीपासून सरकार ॲबोरिजिनल लोकांना वर्षातून एकदा घोंगड्या वाटायचं आणि वाटपाची यादी कलोनियल सेक्रेटरीकडे जायची. रकाने साधारण असे: अनुक्रम, इंग्रजी नाव, मूळ नाव, अंदाजे वय, बायका किती, मुलगे किती, मुली किती, टोळी, आणि नेहमी वावर असतो ते ठिकाण. पाहताक्षणी वाटतं, जनगणनाच हाती लागली. तशी ती नाही. यादी भरणारा मॅजिस्ट्रेटचा कारकून किंवा शिपाई. मूळ नाव त्याच्या इंग्रजी कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, त्यामुळे तोच माणूस पुढच्या वर्षी वेगळ्या स्पेलिंगने भेटतो. वयं पाच-दहाच्या पटीत. 'टोळी'च्या रकान्यात कित्येकदा नुसतं ठाण्याचं नाव. आणि यादीत असतात ते त्या दिवशी आलेले लोक. जे भीतीने आले नाहीत, दुसऱ्या गावी घोंगडी घेऊन गेले किंवा वाटच पाहून निघून गेले, ते नाहीत. म्हणून यादी आटली म्हणजे माणसं मेली असा निष्कर्ष थेट काढता येत नाही. त्या वर्षी घोंगड्याच कमी आल्या होत्या का, हे मागणीपत्रावरून आधी तपासायचं.

अशा याद्या एक्सेलमध्ये उतरवताना मूळ स्पेलिंगला हात लावायचा नाही. एक ओळ म्हणजे एक नोंद. 'हा तोच माणूस' हा तुमचा तर्क स्वतंत्र रकान्यात, त्याच्या शेजारी खात्री किती (पक्की, बरी, कच्ची) आणि का. नोंदी एकत्र करण्याचा मोह टाळा. एकदा दोन ओळी मिटवून एक केली की तुमचा तर्क आणि मूळ कागद वेगळे करता येत नाहीत, आणि पुढे एखाद्या वंशजाने किंवा वकिलाने विचारलं तर उत्तर उरत नाही. प्रत्येक टिपणाला दप्तराचं नाव, मालिका, खोका, फाइल, पान आणि पाहिल्याची तारीख. फोटो काढताना पहिला फोटो खोक्याच्या लेबलचा. सोपं वाटतं, पण दुपारी चार वाजता खोलीची वेळ संपत आलेली असताना हेच राहून जातं.

मुख्य अडचण मात्र कागद नसण्याची आहे, आणि कागद का नाही याला कारणं असतात. 10 जून 1838 ला न्यू साउथ वेल्समध्ये मायल क्रीक इथे किमान 28 जणांची कत्तल झाली. ठाण्याच्या व्यवस्थापकाने कळवलं, मॅजिस्ट्रेटने तपास केला, पहिल्या खटल्यात सगळे सुटले, दुसऱ्यात सात जण दोषी ठरले आणि डिसेंबरमध्ये फासावर गेले. या प्रकरणात कागदांची रास आहे ती गोऱ्यांनीच गोऱ्यांविरुद्ध साक्ष दिली म्हणून. ॲबोरिजिनल साक्षीदार तेव्हा कोर्टात चालतच नव्हता. ख्रिस्ती नाही म्हणून शपथ नाही, शपथ नाही म्हणून साक्ष नाही. ही अडचण न्यू साउथ वेल्समध्ये कायद्याने दूर झाली ती 1876 साली. आणि सात जण फासावर गेलेले पाहून सीमेवरच्या मंडळींनी धडा घेतला तो तोंड बंद ठेवण्याचा. म्हणून त्या काळच्या न्यायालयीन दप्तरात खून दिसत नसेल, तर 'खून झाले नाहीत' असं म्हणता येत नाही. साक्ष द्यायला कायद्याने माणूसच नव्हता, एवढंच म्हणता येतं.

मग हत्याकांडाचा दावा तोलायचा कसा? न्यूकॅसल विद्यापीठात लिंडल रायन यांच्या गटाने 2017 पासून सीमेवरच्या हत्याकांडांचा नकाशा ऑनलाइन मांडला. आज त्यावर चारशेहून जास्त ठिकाणं आहेत. त्यांची कसोटी अशी: निःशस्त्र, स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या सहा किंवा जास्त माणसांची हत्या. सहाच का, तर वीसेक जणांच्या गटातले सहा गेले की उरलेल्यांना शिकार करणं, मुलं सांभाळणं, जागा राखणं जड जातं. प्रत्येक नोंदीला पुरावा किती भक्कम त्याचा दर्जा दिलेला आहे आणि जागा मुद्दाम ढोबळ दाखवलेली आहे, म्हणजे कुणी जाऊन उकरणार नाही. स्वतः तोलताना मी हा क्रम सुचवेन. आधी पुरावे एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र आहेत का ते पाहा. मग घटनेपासून किती वर्षांनी लिहिलेत ते. उशिरा लिहिलेलं म्हणजे खोटं असं नाही. आरोपी मरेपर्यंत लोक गप्प बसलेले असतात, आणि तीस वर्षांनी एखाद्या आठवणीत खरं बाहेर पडतं. मग जागा: नदी, वाटा, अंतर, घोड्याने एका दिवसात पोचता येईल का. सगळ्यात शेवटी आकडा, आणि तोही किमान व कमाल असा वेगवेगळा. सरासरी काढू नका. दोन साधनांच्या मधला आकडा कुणीच सांगितलेला नसतो.

मध्य ऑस्ट्रेलियातलं 1928 चं कोनिस्टनचं हत्याकांड हे याचं ठळक उदाहरण. सरकारी चौकशीने 31 मृत्यू धरले आणि सगळे गोळीबार समर्थनीय ठरवले. चौकशी मंडळाच्या तीन सदस्यांत गोळीबार करणाऱ्या हवालदाराचा वरिष्ठ स्वतः बसला होता. वार्ल्पिरी, अन्मॅट्येर आणि कायटेट्ये लोक जी ठिकाणं नावानिशी सांगतात ती अहवालात मावत नाहीत. अभ्यासकांचे अंदाज साठच्या पुढे, काहींचे शंभराच्याही पुढे जातात. नॉर्दर्न टेरिटरीतल्या 1976 च्या भूमिहक्क कायद्याखालच्या सुनावण्यांत या आठवणी शपथेवर नोंदल्या गेल्या. त्या सुनावण्यांची टंकलिखितं हे फार मोलाचं साधन आहे, आणि नवखे तिथे पोचतच नाहीत.

क्वीन्सलँडचे नेटिव्ह पोलीस हा तर वेगळाच पेच. गोरे अधिकारी, हाताखाली ॲबोरिजिनल शिपाई, 1848 पासून. त्यांच्या अधिकाऱ्यांचे नियमित अहवाल बव्हंशी हाती नाहीत. मग माग काढावा लागतो तो कडेकडेने: मृत्यू-चौकशीच्या फाइली, कलोनियल सेक्रेटरीकडची पत्रं, 1861 च्या विधिमंडळ समितीपुढचे जबाब, दारूगोळ्याची आणि शिध्याची बिलं. हिशेबाच्या कागदांना कमी लेखू नका. त्याच राज्यात 1897 च्या कायद्याखाली सरकार ॲबोरिजिनल कामगारांची मजुरी स्वतःच्या ताब्यात ठेवत असे. या कारभाराची खतावणी संशोधकांनी पान न् पान उलगडली, मजुरीच्या दाव्याला त्यातूनच बळ मिळालं, आणि 2019 मध्ये सरकारने 19 कोटी डॉलरची तडजोड केली.

ॲबोरिजिनल लोकांच्या स्वतःच्या शब्दांतले कागदही आहेत, लोकांना वाटतात त्यापेक्षा पुष्कळ. मेलबर्नजवळच्या कोरँडर्क या ॲबोरिजिनल वस्तीबद्दल 1881 साली सरकारी चौकशी झाली तेव्हा तिथल्या रहिवाशांचे जबाब प्रश्नोत्तरांसह छापले गेले, आणि त्यांनी स्वतः लिहिलेले अर्ज जोडले गेले. संरक्षण मंडळ आणि त्याचा निरीक्षक आम्हाला नको, आमचा जुना व्यवस्थापक जॉन ग्रीन परत द्या, ही मागणी त्यात स्पष्ट आहे. तेव्हाही विरोधकांनी म्हटलं, यांना कुणी गोऱ्याने लिहून दिलंय. आजही तुम्हाला हे ऐकावं लागेल. उत्तर हस्ताक्षरात आणि अनेक अर्जांतल्या सातत्यात शोधायचं.

अर्ज वाचताना तो कुणाकडे आणि काय मिळवायला केला होता हे सुटलं की काय होतं, ते योर्टा योर्टा लोकांच्या नेटिव्ह टायटल खटल्यात दिसलं. 1881 मध्ये मालोगा मिशनवरच्या 42 पुरुषांनी गव्हर्नरकडे जमीन मागितली. आमच्या हद्दीतली सगळी जमीन सरकारने आणि गोऱ्यांनी घेतली, शिकार संपली, आम्हाला शेती करून स्थिर राहायचंय, अशी मांडणी. 1998 मध्ये न्यायाधीशांनी हाच अर्ज परंपरा सुटल्याचा पुरावा म्हणून वाचला, आणि एडवर्ड कर या पशुपालकाने 1883 मध्ये छापलेल्या आठवणींना आजच्या वंशजांच्या तोंडी साक्षीपेक्षा जास्त वजन दिलं. 2002 मध्ये हायकोर्टाने (तिथलं हेच सर्वोच्च न्यायालय) अपील फेटाळलं. ज्या अर्जाने जमीन मागितली, त्याच अर्जाने जमीन गेली. मिशनऱ्याच्या मदतीने, राज्यकर्त्याला पटेल अशा भाषेत लिहिलेला कागद असा उलटू शकतो, हे आता प्रत्येक नेटिव्ह टायटल अहवालात सुरुवातीलाच मांडावं लागतं.

हे कोर्टाचं काम पैसे बरे देतं, पण त्याचे नियम वेगळे. तज्ज्ञ साक्षीदाराचं कर्तव्य कोर्टाशी असतं, फी देणाऱ्या पक्षाशी नव्हे, आणि तसं लेखी द्यावं लागतं. प्रश्न वकील ठरवतात. सार्वभौमत्वाच्या तारखेला (पूर्वेकडे 1788, पश्चिम ऑस्ट्रेलियात 1829) तिथे कोण समाज होता आणि तो अखंड चालत आलाय का, असे. वंशावळ मूळ पूर्वजापर्यंत न्यावी लागते, एकेका दुव्याला कागद दाखवत. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एकत्र बसवून मतभेदाची यादी करायला लावतात, कधी साक्षही एकत्र घेतात. आणि मोठी अट अशी की अहवाल बहुधा गोपनीय राहतो. पाच वर्षं उत्तम काम करूनही नावावर एकही लेख नाही, अशी अवस्था झालेली माणसं आहेत. विद्यापीठात परतायचं असेल तर दोन अहवालांच्या मध्ये स्वतःचं लेखन चालू ठेवा.

आता परवानगीचं. ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटवासीयांच्या अभ्यासासाठी असलेल्या कॅनबेराच्या एआयएटीएसआयएस या संस्थेची 2020 ची आचारसंहिता चार तत्त्वांवर उभी आहे: त्या समाजाचा स्वनिर्णय, त्यांचं नेतृत्व, त्यांना होणारा उपयोग, आणि टिकाऊपणा व उत्तरदायित्व. विद्यापीठाची नीतिसमिती तुमचा अर्ज याच फुटपट्टीने मोजते. मुलाखत न घेता फक्त दप्तरावर काम करत असाल तरी जिवंत कुटुंबांबद्दलचे कागद असले तर प्रश्न येतोच. अर्ज कुठे अडकतो? प्रश्न आधीच ठरवून, फक्त सही मागायला समाजाकडे गेलात तर. समाजाच्या संस्थेचं पाठिंबापत्र नसेल तर. ध्वनिमुद्रणाची मालकी, प्रत कुणाकडे, मध्येच माघार घेतली तर काय, हे लिहिलं नसेल तर. सुरुवातीच्या भेटींपासून मंजुरीपर्यंत सहा महिने ते वर्ष धरून चाला. घरात मृत्यू झाला की 'सॉरी बिझनेस' म्हणजे शोककाळ सुरू होतो आणि ठरलेल्या भेटी रद्द होतात. तेव्हा फोन करत बसायचं नाही. मृतांची नावं आणि फोटो छापण्याआधी कुटुंबाला विचारायचं. काही वस्तू आणि माहिती फक्त पुरुषांनी किंवा फक्त स्त्रियांनी बघायची असते. खोक्यावर तशी सूचना असली तर झाकण लावून परत द्यायचं, कुतूहल बाजूला. ताब्यात घेतलेल्या मुलाच्या फाइलमध्ये बापाचं नाव सापडलं, तर ते कुणाला सांगायचं हा तुमचा निर्णय नव्हे. कुटुंब शोधून देणाऱ्या लिंक-अप संस्था 1980 पासून हेच काम करत आहेत, त्यांच्यामार्फतच जायचं.

एक छोटी पण हमखास होणारी चूक: 1967 च्या सार्वमताने मतदानाचा हक्क मिळाला, किंवा त्याआधी हे लोक 'वनस्पती-प्राणी कायद्या'खाली होते, असं लिहिणं. दोन्ही खोटं. केंद्राच्या निवडणुकीतला मताधिकार 1962 चा आहे. सार्वमताने राज्यघटनेच्या कलम 51 मधले काही शब्द काढले आणि कलम 127 रद्द केलं. मुलाखतीत हे चुकलं तर पुढचं कुणी ऐकत नाही.

नोकरीची शिडी अशी. पीएच.डी. साधारण साडेतीन ते चार वर्षं, 80 हजार ते एक लाख शब्द, वर्गातले तास नाममात्र, बाहेरचे दोन-तीन परीक्षक. सरकारी शिष्यवृत्ती परदेशी विद्यार्थ्यालाही मिळते, पण जागा थोड्या. 2025 चा किमान दर वर्षाला 33,511 डॉलर होता. त्यात सिडनीत राहणं म्हणजे ओढाताणच. मग तासिका तत्त्वावर शिकवणं, एखादी पोस्टडॉक, आणि नशीब साथ देईल तर लेव्हल बी लेक्चरर. ए ते ई अशा पाच पायऱ्या, ई म्हणजे प्रोफेसर. ठराविक वाटणी 40 टक्के शिकवणं, 40 संशोधन, 20 कारभार. प्रत्यक्षात कारभार 20 वर थांबत नाही. अनुदान ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिलचं, आणि बहुतेक अर्जांच्या वाट्याला नकारच येतो. कायम जागा फार कमी निघतात, आणि या विषयातल्या जागांवर ॲबोरिजिनल इतिहासकारांना प्राधान्य असतं. जॉन मेनार्ड, लिनेट रसेल, जॅकी हगिन्स यांच्या पिढीने हा विषय आतून बदलला आहे, तेव्हा ते रास्तच आहे. म्हणून नजर विद्यापीठापुरती ठेवू नका. ॲबोरिजिनल जमिनींचं काम बघणाऱ्या लँड कौन्सिल, नेटिव्ह टायटलच्या प्रतिनिधी संस्था, संग्रहालयं, अभिलेखागारं, वारसा खाती, चौकशी आयोग इथेही इतिहासकार लागतात. व्हिक्टोरियातला योरूक न्याय आयोग 2021 ते 2025 चालला, त्यालाही दप्तर उपसणारी माणसं लागलीच.

भारतातून येणाऱ्याची जागा कुठे? जिथे दोन्हीकडची दप्तरं लागतात तिथे. 1866 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात कराचीहून शंभरहून जास्त उंट आणि 31 माणसं उतरली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, 1936 पर्यंत. म्हणजे या वाहतुकीचे सरकारी कागद शोधायची पहिली जागा म्हणजे काळा घोड्याचं एल्फिन्स्टन कॉलेज, तिथलं महाराष्ट्राचं पुराभिलेखागार. या उंटवाल्यांपैकी अनेकांनी ॲबोरिजिनल बायकांशी लग्नं केली. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1905 च्या कायद्याने अशा लग्नाला मुख्य प्रोटेक्टरची परवानगी लागायची, त्यामुळे लग्नाचे अर्ज तिकडच्या फाइलीत आहेत. एकाच माणसाची दोन टोकं दोन खंडांत, आणि दोन्हीकडे हात पोचणारे अभ्यासक मोजके.

दुसरा विषय तुलनेचा. खानदेशात जेम्स औट्रमने 1825 मध्ये भिल्ल कोअर उभी केली, क्वीन्सलँडचे नेटिव्ह पोलीस त्यानंतर 23 वर्षांनी. दोन्हीकडे स्थानिकांचा बंदोबस्त स्थानिकांकरवीच. पण खानदेशात भिल्लांना त्यांच्याच मुलखात बसतं करायचा हेतू होता, तर क्वीन्सलँडमध्ये शिपाई मुद्दाम लांबून आणत, म्हणजे समोरच्याशी नातं निघू नये. इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींसाठीच्या सोलापूरच्या सेटलमेंटची हजेरी आणि परवाने यांची तुलनाही कोरँडर्कच्या नियमांशी करता येईल. मात्र 'आपले आदिवासी तसेच तिकडचे' असं सरसकट म्हणू नका. तिकडे जमीन कुणाचीच नव्हती असं मानून घेतली गेली, इकडे करार, इनामं, महसूल यांच्या जाळ्यातून. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हा फरक दिसला नाही, तर परीक्षक पुढे वाचत नाही.

मोडी येत असेल तर ते जरूर नमूद करा, त्याने हस्तलिखिताची सवय सिद्ध होते. अर्जाआधी मात्र एक कसरत करून बघा: सीओ 201 मधला 1838 चा एखादा खलिता ऑनलाइन उघडा, सोबतपत्रांसह पूर्ण उतरवून काढा, शेरे कुणाचे ते ओळखा, छापील खंडात काय गाळलंय ते टिपा, आणि त्याच घटनेची बातमी ट्रोव्हवर किती स्वतंत्र पत्रांत आहे ते मोजा. दीड-दोन हजार शब्दांचं टिपण होईल. मार्गदर्शकाला पहिल्या पत्रासोबत तेच पाठवा, दोन ओळींच्या 'मला आवड आहे' पेक्षा त्याला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त.